‘आकृती १२ पहा’. पण ती गेली कोठे?



तुमचे शास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडा. चार पाने चाळलीत तर ‘आकृती ५ पहा’, ‘हे आपण प्रकरण ३ मध्ये शिकलो आहोत’, ‘तक्ता २ वरून दिसेल की’ अशी वाक्ये हमखास सापडतील. वाचताना आपण त्यांच्याकडे विशेष लक्ष देत नाही. पुस्तकाने आपल्याच दुसऱ्या एखाद्या पानाकडे दाखविलेले हे बोट असते. या बोटाला आपण ‘दुवा’ म्हणू. बोट बरोबर जागी असेल तोवर दुव्याची आठवणसुद्धा होत नाही. ते चुकले की काय होते, हे मला एका गॅल्व्हानोमीटरने शिकविले.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या पदार्थविज्ञान विभागासाठी प्रात्यक्षिकांची एक पुस्तिका संगणकावर तयार केली. तीत गॅल्व्हानोमीटरचा रोध मोजण्याचा एक प्रयोग होता. त्याच्या मंडलात गॅल्व्हानोमीटरशी एकसरीत काही हजार ओहमचा रोध जोडतात, कारण हे उपकरण फार नाजूक असते. पुस्तिकेत वाक्य होते, ‘आकृती १२ प्रमाणे जोडणी करा.’ पुढच्या वर्षी मी सुरुवातीलाच व्हर्निअर कॅलिपरची एक नवी आकृती घातली. साहजिकच पुढच्या सर्व आकृत्यांचे क्रमांक एकेकाने वाढले. आकृत्यांखालचे क्रमांक मी बदलले. मजकुरातलेही बदलले, पण सगळे नाहीत. पूर्वीची आकृती ११ आता १२ झाली होती, आणि ती होती ओहमच्या नियमाची. तीत मोठा रोध नव्हता, होता फक्त २० ओहमचा ऱ्हिओस्टॅट.

एका विद्यार्थ्याने आकृती १२ पाहिली, अ‍ॅमीटरच्या वर्तुळाच्या जागी गॅल्व्हानोमीटर जोडला आणि कळ दाबली. हिशेब तुम्हीच करा. बॅटरी ६ व्होल्टची, गॅल्व्हानोमीटरचा रोध १०० ओहम, ऱ्हिओस्टॅट २० ओहम. ६ भागिले १२० म्हणजे ०.०५ अँपियर, अर्थात ५० मिलिअँपियर. तो काटा टोकापर्यंत जाण्यास १ मिलिअँपियरसुद्धा पुरतो! काटा फटकन टोकाला आदळला, वाकला, आणि पुन्हा शून्यावर आला नाही. मोडतोडीच्या नोंदवहीत त्या मुलाचे नाव चढले. त्याच्या प्रात्यक्षिकवहीत मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, ‘आकृती १२ प्रमाणे जोडणी केली.’ ते वाचून मी पुस्तिका उघडली, आणि मग नोंदवहीतले त्याचे नाव खोडून तेथे माझे लिहिले.

ही झाली ऐंशी पानांच्या पुस्तिकेची गोष्ट. संगणकाच्या आज्ञावल्यांची माहितीपुस्तके आकाराने याच्या कितीतरी पट मोठी असतात. उदाहरण म्हणून ‘पायथॉन’ ही संगणकभाषा घेऊ. ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिची माहितीपुस्तके संगणकाच्या पडद्यावर वाचावयाची असतात, आणि त्यांतील दुव्यावर बोट ठेवले की त्या पानावर आपण लगेच पोहोचतो. ही पुस्तके जगभरातील अनेक माणसे मिळून लिहितात. दर वर्षी भाषेची नवी आवृत्ती निघते, पाने वाढतात, हलतात, गळतात. कोणत्या वेळी कोणाची आकृती ११ ची १२ होईल याचा नेम नाही.

तेथेही एखादा गॅल्व्हानोमीटर असतोच. पायथॉनमध्ये माहिती साठवून ठेवण्याचे ‘पिकल’ नावाचे साधन आहे. अनोळखी माणसाकडून आलेली अशी साठवण उघडू नये, कारण तीत लपविलेल्या आज्ञा आपल्या संगणकावर चालू शकतात, असा इशारा त्याच्या पानावर ठळक दिलेला आहे. ‘शेल्व्ह’ हे दुसरे साधन आतून ‘पिकल’च वापरते, म्हणून त्याचे पान ‘पिकल’कडे बोट दाखविते. ते बोट तुटले, तर पूर्ण इशाऱ्यापर्यंत वाचक पोहोचणारच नाही.

दुवे तुटतात तरी कसे? बहुतेक वेळा कोणीतरी चांगले काम करीत असतानाच तुटतात. कोणी दहा पाने एका फाइलीतून उचलून नव्या, नीटनेटक्या फाइलीत ठेवतो. जुन्या जागेकडे वळलेली सगळी बोटे हवेत राहतात. काही प्रणालींत मथळ्याच्या शब्दांवरूनच त्या परिच्छेदाचा पत्ता आपोआप तयार होतो. तेथे कोणी मथळ्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली, तर मथळा सुधारतो आणि पत्ता मात्र बदलतो! आणखी एक मजेदार कारण म्हणजे इंग्रजी लिपीतील मोठी व लहान अक्षरे. विंडोज प्रणालीवर फाइलीच्या नावात मोठे अक्षर लिहा की लहान, सहसा चालून जाते. लिनक्सला ही दोन नावे वेगळी वाटतात. लेखकाच्या घरच्या संगणकावर दुवा ठणठणीत. पुस्तक लिनक्सच्या यंत्रावर ठेवले की तोच मृत. ‘माझ्याकडे तर चालते!’ हे वाक्य संगणकवाल्यांच्या तोंडी वरचेवर येते, त्यातला काही वाटा या अक्षरांचा आहे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. दुव्याने वस्तूकडे बोट दाखविले नव्हते, वस्तूच्या जागेकडे दाखविले होते. ‘आकृती १२’ हे आकृतीचे नाव नव्हे. रांगेतली तिची जागा आहे. रांगेत मध्येच कोणी घुसला की जागा बदलते. शाळेच्या हजेरीपटावर तुमचा क्रमांक १७ असेल आणि नवा मुलगा आल्याने तो १८ झाला, म्हणून तुम्ही काही दुसरे कोणी होत नाही.

मग नावाकडे बोट दाखवावे. ही युक्ती संगणकाची नाही, कोशकारांची आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदींच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून दुसऱ्या नोंदींची नावे दिलेली आढळतात. तेथे पानाचा क्रमांक नसतो. तो देणे शक्यही नव्हते, कारण शेवटच्या खंडांतील नोंदी छापल्या जाण्यास अजून बरीच वर्षे होती. नोंदी अकारविल्हे लावलेल्या असल्याने नाव ठाऊक असले की वाचकाला जागा स्वतःच सापडते. मजकूर कोठेही सरको, नाव तेच राहिले की दुवा शाबूत.

संगणकाच्या पुस्तकात मात्र परिच्छेद अकारविल्हे लावता येत नाहीत. तेथे नावावरून जागा शोधण्याचे काम यंत्राकडे दिले जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनल्ड क्नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःचीच ‘टेक’ नावाची आज्ञावली लिहिली. ती १९७८ साली वापरात आली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या वर्षांत ‘लाटेक’ उभारली. तीत लेखक आकृतीजवळ एक लेबल चिकटवितो, उदाहरणार्थ ‘गॅल्व्हा-जोडणी’. मजकुरात तो क्रमांक लिहीतच नाही; ‘येथे गॅल्व्हा-जोडणीचा क्रमांक घाल’ अशी आज्ञा देतो. क्रमांक टाकण्याची जबाबदारी यंत्राची.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. समजा आज्ञा चौथ्या पानावर आहे आणि आकृती चाळिसाव्या. यंत्र पुस्तक पहिल्या पानापासून जुळवीत येते. चौथ्या पानावर असताना चाळिसाव्या पानावरचा क्रमांक त्याला कसा कळणार?

कळत नाही. म्हणून ते दोन फेऱ्या मारते. पहिल्या फेरीत जेथे उत्तर ठाऊक नाही तेथे दोन प्रश्नचिन्हे छापते आणि पुढे जाते. जाताना भेटलेले प्रत्येक लेबल व त्याचा क्रमांक एका वेगळ्या फाइलीत टिपून ठेवते. दुसऱ्या फेरीत ही टिपणवही आधी वाचते, आणि प्रश्नचिन्हांच्या जागी क्रमांक भरते. दुसऱ्या फेरीनंतरही प्रश्नचिन्हे उरली, तर समजावे की त्या नावाचे लेबल पुस्तकात कोठेच नाही. नाव लिहिण्यात चूक झाली, किंवा आकृती कोणी काढून टाकली.

दोन फेऱ्या नेहमी पुरतात का? ही गंमत पहा. आपल्या पुस्तकात पानांचे क्रमांक अक्षरांत लिहावयाचे ठरले आहे. एका ओळीत वाक्य आहे, ‘पृष्ठ शंभर पहा’, आणि ती ओळ काठोकाठ भरलेली आहे. जो परिच्छेद दाखवावयाचा तो नव्व्याण्णवाव्या पानाच्या तळाशी, शेवटच्या ओळीत पडला. यंत्र म्हणते, ठीक. आणि ‘शंभर’च्या जागी ‘नव्व्याण्णव’ छापते. पण हा शब्द लांब! ओळ उतू जाते, एक ओळ वाढते, पुढचे सर्व एकेक ओळ खाली सरकते आणि तो परिच्छेद शंभराव्या पानावर जातो. पुढच्या फेरीत यंत्र ‘शंभर’ छापते. शब्द आखूड, ओळ परत आत, परिच्छेद पुन्हा नव्व्याण्णवाव्या पानावर. आता कितीही फेऱ्या मारा!

विजेची घंटा तुम्ही शाळेत पाहिली असेल. प्रवाह सुरू झाला की विद्युतचुंबक टोल्याला खेचतो. टोला खेचला की स्पर्श तुटतो. स्पर्श तुटला की प्रवाह बंद, टोला मागे, पुन्हा स्पर्श. मंडलाचे उत्तर मंडलालाच खोटे पाडते, म्हणून घंटा वाजत राहते. आपले पुस्तकही तसेच ‘वाजते’ आहे. अंकांत ९९ पेक्षा १०० लांब असल्याने हा घोटाळा सहसा होत नाही. पण रोमन पद्धतीत आठ हा आकडा चार अक्षरांचा आणि नऊ दोनच अक्षरांचा असतो, तेथे होऊ शकतो. अशा वेळी माणसाने एखादा शब्द इकडेतिकडे करून ओळ मोकळी करावी लागते. यंत्राला ते सुचत नाही.

आता पुन्हा आज्ञावल्यांच्या पुस्तकांकडे येऊ. पायथॉनच्या माहितीपुस्तकांसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी ‘स्फिंक्स’ ही प्रणाली केली व ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीतही लेबले आहेतच. शिवाय आज्ञावलीतील प्रत्येक साधनाचे नाव हेच त्याचे लेबल धरता येते. पुस्तक तयार झाले की स्फिंक्स सर्व नावांची व त्यांच्या पत्त्यांची एक सूची फाइल बरोबर ठेवते. दुसऱ्या पुस्तकाच्या लेखकाला पायथॉनच्या पुस्तकातील एखाद्या साधनाकडे बोट दाखवावयाचे असेल, तर त्याचे यंत्र ती सूची मागवून घेते आणि त्या दिवशीचा पत्ता लावते. ‘रस्ट’ या भाषेनेही २०२० साली अशीच सोय सर्वांसाठी खुली केली. त्यापूर्वी तेथील लेखकांना फाइलींची नावे हाताने लिहावी लागत, आणि ती चुकत.

परंतु स्फिंक्सची एक सवय मला, एका प्रयोगशाळावाल्याला, पटत नाही. लेबल सापडले नाही तर ती इशारा देते, हे ठीक. पण एखाद्या साधनाचे नाव सापडले नाही, तर नेहमीच्या मांडणीत ती ते नाव साध्या अक्षरांत छापते आणि गप्प बसते. वाचकाला वाटते, येथे दुवा नव्हताच. फ्यूजची वितळतार जशी धोका दिसताच मंडल तोडते, तशी यंत्रणा हवी. ती स्फिंक्समध्ये आहे, पण मुद्दाम चालू करावी लागते. एका कळीने ते प्रत्येक न सापडलेले नाव सांगते; दुसरी कळ प्रत्येक इशाऱ्याला चूक ठरविते, म्हणजे एक जरी इशारा आला तरी पुस्तक तयार झाले असे मानलेच जात नाही. मी असतो तर दोन्ही कळा पहिल्या दिवसापासून दाबून ठेवल्या असत्या.

जुन्या पुस्तकावर या कळा प्रथमच दाबल्या, की तीनचारशे इशाऱ्यांची यादी समोर येते आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. यादी आधी कारणांप्रमाणे लावावी. एका मजकुराचे लेबल बदलले असले, की त्याच्याकडे वळलेले शंभर दुवे एकदम तुटतात. रोग एकच, लक्षणे शंभर. तेथे शंभर दुवे हाताने बदलण्यापेक्षा त्या मजकुराला त्याचे जुने लेबल परत द्यावे. एका मजकुराला दोन लेबले असण्यास कोणतीही हरकत नाही. उरलेल्यांत लिहिण्याच्या चुका सापडतील, त्या सोप्या. शेवटी राहतात ते कठीण दुवे, ज्यांचा मजकूरच काढून टाकला आहे. त्यांच्याबाबत सर्वांत मोठा मोह म्हणजे दुवा पुसून टाकणे. इशारा थांबतो, यादी रिकामी होते. पण वाचकाला ज्याची गरज होती ती माहिती कोठे गेली, हा प्रश्न तसाच उरतो. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर फोडण्याचाच हा प्रकार. प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून पहावे लागते. येथे वाचकाला काय हवे होते? ते आता दुसरीकडे आहे का? की येथेच दोन ओळींत सांगावे?

बाहेरच्या संकेतस्थळांकडे जाणारे दुवे ही आणखी वेगळी डोकेदुखी, कारण ती पाने आपल्या हातात नसतात. पान नाहीसे झाले असेल तर तेथील यंत्र ४०४ हा क्रमांक पाठविते. पान हलले असेल आणि मालक सज्जन असेल, तर ३०१ हा क्रमांक व नवा पत्ता येतो. टपाल खात्याला नवा पत्ता कळवून गेलेल्या भाडेकरूसारखे हे आहे. जगड्व्याळ वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले की पत्ते बदलण्याची गरजच पडू नये अशा रीतीने ते आधी ठरवावेत. ऐकणारे थोडे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर सापडेनाशी झाली होती. म्हणून असे दुवे यंत्राकरवी ठराविक काळाने तपासावे लागतात.

या तपासणीत एक खाच आहे. पत्त्यात कधीकधी # हे चिन्ह असते. त्याच्या आधीचा भाग पानाचा, नंतरचा भाग पानातल्या विशिष्ट जागेचा. गंमत अशी की # नंतरचा भाग दूरच्या यंत्राकडे पाठविलाच जात नाही. पान आल्यावर तुमचा संगणकच ती जागा शोधतो. जागा नसेल तर दूरचे यंत्र म्हणते ‘पान आहे’, तुमचा संगणक पानाचा माथा दाखवून गप्प बसतो, आणि ४०४ कोठेच येत नाही. तपासणाऱ्या आज्ञावलीने पान उघडून आत पाहिले, तरच हा दुवा पकडला जातो.

आमच्या पुस्तिकेचे पुढे काय झाले ते सांगतो. गॅल्व्हानोमीटर दुरुस्तीला गेला आणि मी दोन सुट्ट्या घालवून पुस्तिकेतील प्रत्येक आकृतीला, तक्त्याला व प्रयोगाला लेबल दिले. एकही प्रश्नचिन्ह उरले नाही, तेव्हा मी समाधानाने छापील प्रत आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकांच्या हाती दिली. ते गेली वीस वर्षे मुलांची मंडले तपासत आले आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका ओळीवर पेन्सिलीची खूण करून पुस्तिका परत आणली. ओळ होती, ‘मागील प्रयोगात वापरलेलाच रोध येथे घ्यावा.’ प्रयोगांचा क्रम मी मध्यंतरी बदलला होता. मागील प्रयोग आता लंबकाचा होता!

‘मागील’ हाही दुवाच होता. पण त्याला लेबल नव्हते, क्रमांक नव्हता, आणि यंत्राच्या दृष्टीने तो एक साधा शब्द होता. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ‘वरील’, ‘खालील’, ‘मागील’, ‘पुढे येणाऱ्या’ असे शब्द संपूर्ण पुस्तिकेत शोधले. एकतीस निघाले. त्यांतील पाच चुकीच्या जागी बोट दाखवीत होते.

तुम्हीही करून पहा. कोणत्याही एका पाठ्यपुस्तकाचे एक प्रकरण घ्या. क्रमांक असलेले दुवे निळ्या पेन्सिलीने आणि ‘वरील’, ‘मागील’ यांसारखे बिनक्रमांकाचे दुवे लाल पेन्सिलीने अधोरेखित करा. मग समजा की प्रकरणाच्या तिसऱ्या पानानंतर एक नवी आकृती घातली आहे आणि शेवटचे दोन परिच्छेद सुरुवातीला आणले आहेत. किती निळे दुवे तुटले, किती लाल तुटले, ते मोजा. आणि लाल रंगाच्या प्रत्येक दुव्यासाठी वाक्य कसे बदलाल ते वहीत लिहा.